सोमवारचं दूध

आमच्या घरचं सोमवारचं दूध डेअरीला जात नाही. गाडीवाला पोरगा नवा असला की दारात येऊन हॉर्न वाजवत बसतो. मग शेजारचं कुणीतरी त्याला सांगतं, "जा बाबा पुढं, म्हातारा जित्ता हाय अजून." तो जातो. सून आत भांडी जरा जोरातच ठेवते. नातू महिन्या-दोन महिन्यांनी हा विषय काढतोच. नुकसान होतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. मला ते कळत नाही असं नाही. पण आता भांडायचाही कंटाळा येतो. मी नुसतं नाही म्हणतो आणि कूस बदलतो.

नातवाला पुण्याला नोकरी लागलीय. जायच्या गडबडीत परवा म्हणाला, "बाबा, निदान लिहून तरी ठेवा. तुमच्या मागं कुणी इचारलं तर काय सांगायचं आमी?" म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा दोन इयत्ता, तीही निजामाच्या राज्यातली, उर्दू. मराठी मी पोथ्या आणि दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. कुठं चुकलं तर चुकलं, कुणी दुरुस्त करायला जाऊ नये.

आमचं गाव भूमच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. जमीन बरड. पाऊस आला तर आला. पण बालाघाटाच्या उतारावर गवत चांगलं व्हायचं आणि त्या गवतावर म्हशी दूध बरं द्यायच्या. घराघरात दूध होतं. त्याचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप विकायला हरकत नव्हती. ताक मागंल त्याला फुकट. दूध मात्र कुणी विकायचं नाही. 'दूध अन् पूत इकू न्हाय,' असं आमच्याकडं म्हणायचे आणि ते पाळायचेही.

माझ्या वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. एका साली त्यांनी चिंचा फोडून बार्शीला नेल्या. एका साली अंबाडीचे दोर वळून परंड्याच्या बाजारात मांडले. एकदा मधाचा धंदा करायचा म्हणून आग्यामोहोळाखाली धूर केला आणि आठ दिवस तोंड सुजवून घरात पडले. लोक हसायचे. आबा म्हणायचे, "हसा. हसायला पैसं पडत न्हायती." हे सगळं कशासाठी, तर घरातलं माणूस घरात राहावं. जेवायला सगळे बसल्याशिवाय ते घास उचलायचे नाहीत. कुणी रानात अडकलं असलं तर भाकरी निवायची, पण आबा ताटावर हात ठेवून तसेच बसून.

तरी माझा थोरला भाऊ गेला. त्याला आम्ही दादा म्हणायचो. एका साली विहीर आटली, ज्वारी हाती लागली नाही, आणि दादा बार्शीला सूत गिरणीत कामाला लागला. बार्शी लांब नाही, पण तेव्हा ती इंग्रजाच्या हद्दीत. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्याच्या अलीकडं निजामाचा हाली रुपया, पलीकडं इंग्रजाचा कलदार. मायला ती दुसरी दुनिया वाटायची. दादा जाताना नव्या वहाणा घालून गेला, जुन्या गोठ्यातल्या खुंटीला राहिल्या. आमच्या कोरड्या हवेत कातडं वापरात नसलं की लाकडासारखं होतं. माय त्या वहाणा काढून त्यांना करडीचं तेल चोळायची, परत टांगायची. "आल्यावर घालील," म्हणायची.

आबा दादाला भेटायला गेले तेव्हा त्यांनी तिथं एका हलवायाच्या दुकानात खवा येताना बघितला. कुणीतरी पाटीभर खवा पळसाच्या पानात गुंडाळून आणला होता आणि हलवाई तो हातात घेऊन गोळी वळून बघत होता. आबा दिवसभर त्या दुकानासमोर बसले. दादाशी बोलणं थोडं, हलवायाशी जास्त. परत आले ते डोक्यावर एक मोठी लोखंडी कढई पालथी घालून. ऊन लागू नये म्हणून तशीच घातली होती.

नाक्यावरच्या कारकुनानं अडवलं. "ये क्या है मियाँ?"

"कढई हाय साहेब."

"महसूल?"

आबा म्हणाले, "टोपीवर बी महसूल लागतो का साहेब?"

शिपाई हसला, मग कारकूनही हसला. "जाव जाव. बडी टोपीवाले," म्हणाला. पुढं कित्येक दिवस त्या नाक्यावर आबांचं नाव बडी टोपीच होतं.

कढई अंगणात ठेवली. माय दारात उभी.

"ही कशाला?"

"खवा करनार. बार्शीला इकनार."

"दूध इकनार तुमी?"

"दूध न्हाय. खवा."

"खवा काय झाडाला लागतो व्हय?"

आबा पायरीवर बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "हे बघ, दूध अन् पूत इकू न्हाय म्हनत्यात ना? मग आपला थोरला कुठं हाय? गिरणीत. गिरणीवाल्याला आपुन काय दिलं, दूध का पूत? पूत तर इकून बसलोय. आता दूध इकून त्येला सोडवून आनतो."

माय काहीच बोलली नाही. आत गेली. मला वाटलं, पटलं तिला. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, मला बायांचं गप्प बसणं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय धार काढायला गेलीच नाही. चुलीपाशी बसून राहिली. आमच्या म्हशींना तिच्याच हाताची सवय. आबा बसले तर म्हशीनं पान्हा चोरला. रेडकू सोडलं, पाठ थोपटली, पेंड पुढं ठेवली, काही नाही. मी बसलो तर चरवी लाथेनं उडाली. दोन दिवस असं झालं. म्हशी ओरडायला लागल्या, कासा दगडासारख्या झाल्या. माय आतून ऐकत होती, पण उठत नव्हती. हट्टीपणा आमच्या घरात कुणाकडून आला असं विचारलं तर मी आबांचं नाव सांगत नाही.

तिसऱ्या सकाळी आबांनी दोरीवरचं मायचं लुगडं घेतलं, धोतरावरून नेसले, डोक्यावरून पदर घेतला आणि चरवी घेऊन गोठ्यात गेले. वर भरघोस मिशा. म्हशीनं वळून लुगड्याचा वास घेतला आणि उभी राहिली. धार लागली. नेमका तेव्हाच आमचा शेजारी, नात्यानं आबांचा चुलतभाऊ, विहिरीकडं निघालेला. गोठ्यापाशी थबकला.

"काय वैनी, आज लई लौकर धार?"

आबांनी पदर नीट केला. मान वळवली नाही. "व्हय भाऊजी. तुमची म्हस आटलीया म्हनं. धाडून द्या हिकडं, आमच्याच हातची सवय लावते."

तो असा हसला की आख्खी आळी जमा झाली. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. आणि चुलीपाशी माय हसली. दादा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं धुरावर ढकललं. बाहेर आली आणि म्हणाली, "सोडा ते लुगडं. एकच धड हाय माझं, फाडताल."

तरी तिच्या मनातून ते जात नव्हतं. आम्ही लिंगायत, दर सोमवारी जंगम स्वामी भिक्षेला यायचे. मायनं झोळीत पीठ घालून विचारलं, "स्वामी, दूध आटवून इकलं तर पाप लागतं का?"

स्वामी सावध माणूस. म्हणाले, "देवाला पेढा चालतो. पेढा खव्याचाच असतो."

"चालतो, पन त्यो इकलेला न्हाय."

स्वामींनी झोळी सारखी केली. "माय, मला अजून चार घरं हायती. असं कर, महादेवाचा वार तेवढा सोड."

माय लगेच वळली आणि आबांना म्हणाली, "सोमवारचं दूध इकायचं न्हाय. ज्येच्या घरात लेकरू हाय त्येनं तांब्या घेऊन यावं अन् घेऊन जावं. थोरला घरी येऊन ऱ्हाईपतोर असंच."

"एवढंच ना?" आबा म्हणाले. "मग वर्साचं काम हाय. वर्सभरात पोरगं दारात उभं करतो."

माय पहाटेच धारेला बसायला लागली. आबा धंद्याला लागले. आमचं एकट्याचं दूध पुरणार नव्हतं आणि गावातलं कुणी दूध विकायला तयार नव्हतं. आबांनी तोड काढली. त्यांनी कुणाला दुधाचे पैसे दिलेच नाहीत. बार्शीहून येताना सरकीची पेंड आणायची आणि ज्यानं जेवढं दूध घातलं त्याला त्या मानानं पेंड द्यायची. "तुमी दूध इकलं न्हाय, म्या घेतलं न्हाय," ते लोकांना सांगायचे. "म्हशीचं हुतं, म्हशीला गेलं." हे लोकांना पटलं. पेंड खाऊन म्हशी आणखी दूध द्यायला लागल्या. जो शेजारी वैनी म्हणून हसला होता, त्याची चरवी सगळ्यांत आधी यायची.

भट्टीवर मी असायचो. दूध कढईत ओतलं की हात थांबवायचा नाही. लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडत राहायचं, नाहीतर खाली लागतं आणि सगळा खवा काळा पडतो. खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि बाभळीचं जळण. धूर सरळ तोंडावर. माझे डोळे अधू झाले ते त्या धुरानं, म्हातारपणानं नाही. कढई उतरली की तळाची खरवड आबा स्वतः काढायचे आणि धाकट्या बहिणीला हातानं भरवायचे. ती खाताना ते बघत बसायचे. मग पळसाची पानं, पाट्या, बैलगाडी आणि बार्शी.

दर खेपेला आबा दादाला भेटायचे. येऊन मायला सांगायचे, "दिवाळीला येतो म्हनला." दिवाळी झाली की, "उन्हाळ्यात." वर्षाचं काम वर्षात झालं नाही. पण दुसरी कढई आली, भट्टीवर पत्रा आला. आबांनी भट्टीच्या दुसऱ्या अंगाला बसायला एक सपाट दगड आणून ठेवला होता. मी त्यावर बसलो तर म्हणायचे, "ती थोरल्याची जागा हाय, हिकडं सरक."

मग ते दिवस आले. देशाला स्वातंत्र्य मिळालं म्हणाले, पण आम्ही निजामातच. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. नाक्यावरचा ओळखीचा कारकून बदलला. नवीन माणसानं बडी टोपी वगैरे काही ऐकून घेतलं नाही. एके दिवशी भरलेली गाडी त्यानं परत फिरवली. आबांनी पेंडीचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. तो ऐकेना. गरमीत खवा टिकतो किती? येताना वाटेवरच्या वाड्या-वस्त्यांवर थांबून आबांनी सगळा खवा वाटून टाकला. घरी रिकाम्या पाट्या उतरवताना मायला म्हणाले, "आज सोमवार न्हवता, तरी बी वाटला."

गावातली पुष्कळ माणसं नाका चुकवून बार्शीकडं गेली. मायला नि बहिणीला आबांनी डोंगरापलीकडं मामाच्या गावी पोहोचवलं. माय म्हणाली, "मला बार्शीला न्या, थोरल्याकडं." पण तो रस्ता धड नव्हता आणि आबांनी ऐकलं नाही. आम्ही दोघं म्हशींपाशी राहिलो. भट्टी गार. माय नाही म्हणून आबा रोज तिनं मागं ठेवलेलं तेच लुगडं नेसून धारेला बसायचे. या खेपेला हसायला आळीत कुणी नव्हतं. सगळं दूध तसंच उरायचं. जी चार घरं मागं राहिली होती त्यांना घालायचं आणि बाकीचं रेडकांना पाजायचं. एकदा मी म्हटलं, "आबा, आपन बी जाऊ. मी दादासंगं गिरणीत लागतो." ते पदर सोडून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "एकदा इकला तेवढा पुरे झाला." मी पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर कधीच काढला नाही.

फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. माय परत आली. रस्ता मोकळा झाल्याबरोबर आबांनी भट्टी पेटवली. पहिल्या खव्याची गाडी जुपली आणि मलाही बरोबर घेतलं. निघताना मायनं फडक्यात गुंडाळून वहाणा दिल्या. "येताना ह्याच घालून ये म्हनावं," म्हणाली.

नाक्याच्या चौकीला दारं उरली नव्हती. आत एक शेळी बसली होती.

दादा गिरणीजवळ एका खोलीत राहायचा. आम्हाला बघून चपापला, मग पाया पडला. केसांत कापसाचे तंतू. त्यानं आम्हाला कपबशीत चहा दिला. आबांनी आजवर कपबशी वापरली नव्हती, त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

आबा म्हणाले, "आता नाका न्हाय, काय न्हाय. दोन कढया चालत्यात. तिसरी घेऊ. चल."

दादानं कप खाली ठेवला. "आबा, म्या येत न्हाय."

"का? कुनाचं देनं हाय का?"

"न्हाय."

"मग?"

तो बराच वेळ बोटाला लागलेलं सूत सोडवत होता. म्हणाला, "हितं भोंगा वाजला की म्या मोकळा असतो. तुमच्याकडं मोकळं कधी व्हायचं आबा? म्हशीला भोंगा हाय का?"

मला हसू आलं नाही. त्याचं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं. आबांनाही कळलं असावं, कारण ते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी फडकं सोडून वहाणा पुढं ठेवल्या. दादानं पाय घातले. बरोबर बसल्या. इतक्या मऊ की आवाजसुद्धा येत नव्हता. तो बार्शीच्या वेशीपर्यंत त्या घालून आम्हाला सोडायला आला आणि मग परत फिरला. गाडीतून आबा मागं बघत होते. मी बैल हाकत होतो.

चौकीपाशी आबांनी गाडी थांबवायला लावली. उतरून ओट्यावर बसले, जिथं कारकून बसायचा. म्हणाले, "कढई आनली. पेंड आनली. किती काय काय आनलं ह्या नाक्यातून." शेळी उठून गेली. आम्हीही निघालो.

माय दारातच होती. गाडीत तिसरं माणूस नाही हे तिला लांबूनच दिसलं असणार.

"वहाना बसल्या का त्येला?"

"बसल्या," आबा म्हणाले.

"चावल्या न्हायत ना?"

"न्हाय."

ती आत गेली, आम्हाला वाढलं. आबांनी दोन घास खाल्ले. म्हणाले, "ते सोमवारचं... आता सोडून देऊ या का? म्या सबूद पाळला न्हाय. तू तरी कशाला पाळतीस?"

"थोरला घरी आला का?"

"न्हाय."

"मग?" माय म्हणाली आणि भाकरी वाढली.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले. बहिणीचं लग्न थाटात केलं. तिसरी कढई घेतली. शेजारपाजारच्या गावांत भट्ट्या लागल्या, त्यांतल्या कितीतरी लोकांना आबांनी उलथनं धरायला शिकवलं. आता सगळा मुलूख खव्याचा म्हणून सांगतात, पाट्या लावतात. आमच्या गावात पहिली कढई कुणी डोक्यावर घालून आणली हे कुणी विचारत नाही. न विचारू दे. मला माहीत आहे.

दादा यायचा, नाही असं नाही. सणाला, लग्नाला. आबा गेले तेव्हा आला, माय गेली तेव्हा आला, जेवण करून भोंग्याच्या आत परत गेला. बार्शीतच त्याचा संसार झाला, तिथंच तो वारला. भट्टीजवळचा तो दगड अजून आहे. मी त्यावर बसत नाही, सवय नाही. मी कुठं गेलोच नाही, म्हणून मला आणायलाही कधी कुणी गाडी जुपली नाही. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगतोय. थकायला होतं एवढंच.

नातू मला म्हणाला होता, "बाबा, ज्या माणसासाठी हे होतं तो मेला. त्याची पोरंसुद्धा म्हातारी झाली. मग आता कशाला?" आता गावातल्या लेकरांना पिशवीचं दूध मिळतं, तांब्या घेऊन फारसं कुणी येत नाही. ऊसतोडीला ढोकीच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या बाया थंडीत गावाबाहेर पालं ठोकतात, त्या लेकरं कडेवर घेऊन येतात. त्यांना दूध जातं. उरलं तर कुत्र्यांना.

इथवर लिहून मी थांबलो होतो. मधे नातू पुण्याला गेला. यष्टीत बसताना माझ्या पाया पडला, आईला म्हणाला, "दिवाळीला येतो." सून स्टँडवर हसत होती. घरी येऊन तिनं त्याचे जुने बूट धुतले, उन्हात ठेवले आणि संध्याकाळी उचलून आत नेले.

आज सोमवार. सकाळी गाडी आली, हॉर्न वाजला. मी काठी शोधत होतो तोवर सून दारात गेली.

"आज न्हाय, भाऊ," तिनं त्याला सांगितलं. "सोमवार हाय. पुढं जा."

मी काठी परत भिंतीला लावली. आत भांड्यांचा आवाज आला नाही.